फोटोतल्या हिरड्या

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि इथल्या रस्त्यारस्त्यावर दातांचे दवाखाने उघडले. माझ्या काळ्या हिरड्या मात्र आमच्या घरात गाजल्या त्या सदर बाजारातल्या फोटोवाल्यामुळे. स्थळांना पाठवायच्या माझ्या फोटोत त्याने न विचारताच कम्प्युटरवर हिरड्या गुलाबी करून टाकल्या. आईने तोच फोटो अमरावतीला धाडला, तो पसंत पडला आणि महिन्याभराने पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं.

"आता हिरड्या फोटोसारख्या कराच लागन," आई म्हणाली.

मला संताप आला. खोटा फोटो त्याचा आणि दुरुस्ती माझी! पण कुठलीही गोष्ट कशी करतात हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या गुढियारी मोहल्ल्यातून रिक्षा करून, वही घेऊनच एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी हौसेने सगळं समजावलं. चाकूने वरचा काळा थर खरवडता येतो, पण रक्त येतं आणि आठवडाभर जखमेवर लेप ठेवावा लागतो. फिरत्या यंत्राने घासलं तर काम झटपट होतं, पण हात जड पडला की खोल जातं. लेझरने रक्त कमी येतं आणि खर्च जास्त. सुई टोचून हिरडी बधिर करणं सगळ्यांतच आलं. मी भराभर लिहून घेत होते.

"रंग वापस आता है क्या?" मी विचारलं.

"आ सकता है, तीनों में," त्या म्हणाल्या. मग आरसा माझ्यापुढे धरला. "खून नहीं, सूजन नहीं. ये बीमारी नहीं है, आपका रंग है. घर में और किसके हैं ऐसे?"

बाबांच्या गुलाबी होत्या. आईच्या? मला सांगताच येईना. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्या पाहिल्याच नव्हत्या. हसू आलं की आईचा पदर तोंडावर जायचा आणि ते तिचं वळण आहे असं मी धरून चालले होते.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"आई, तुझ्या हिरड्या दाखव."

"काहून? भलतंच काहीतरी!"

मी हटून बसले. शेवटी बाबा जवळपास नाहीत हे बघून तिने बोटाने ओठ वर केला. अगदी माझ्यासारख्याच होत्या.

"नवी नवरी होती मी," ती म्हणाली. "सासूबाईनं सगळ्यायसमोर म्हटलं, तोंड झाकून हसत जा. तुले कोणी असं म्हणू नये, म्हणून मांगं लागली."

मला रडू आलं. मी काहीही करून घेणार नाही, पाहुण्यांना आहे तसा दुसरा फोटो पाठवू, असं तिला सांगून टाकलं. भांडण होईल असं वाटलं होतं.  पण तांदूळ निवडता निवडता, ताटातून मान वर न करता तिने विचारलं,

"ते लेझरवालं... माया वयाले करतात काय?"

मी वही उघडून तिच्याजवळ बसले.