दादाचं खातं

हॉस्पिटलात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. कॉम्प्युटरवर कोणाला कुठवर जाऊ द्यायचं ते ती ठरवायची. डॉक्टर असो की कारकून, नोकरी सोडली की टेबल आवरायच्या आत त्याचं खातं बंद, दाराचं कार्डही बंद. निरोपाचा चहा त्यानंतर. मोठमोठे डॉक्टर लालबुंद होत, पण बाई ढिम्म हलत नसे.

शेजारच्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये हेच काम तिचा थोरला भाऊ बघायचा. दोन्ही नेटवर्क त्या दोघांनीच जोडली होती. लॅबने ज्याला ओळखलं, त्याला हॉस्पिटलने पुन्हा विचारायचं नाही. भावाच्या घरून आलेल्या पाहुण्याला कोण ओळखपत्र मागतं? दादाच्या खात्याला तर दोन्हीकडची सगळी दारं उघडी होती.

दादा अचानक गेला. लॅबही तिच्याच गळ्यात पडली. त्याच आठवड्यात सोडून गेलेल्या एका नर्सचं खातं तिने बंद केलं, दादाचं मात्र राहू दिलं. सकाळी यादीत त्याचं नाव दिसे, ते बघून ती कामाला लागे. वेडेपणाच, दुसरं काय! पण दुःखात माणूस असंच काहीतरी धरून बसतो.

त्याच खात्यातून चोर शिरले. दादाने तोच पासवर्ड आणखी कुठेतरी वापरला होता, तिथून तो फुटला. लॅबने चोरांना दादा समजून आत घेतलं, हॉस्पिटलने लॅबवर विश्वास ठेवला, आणि बघता बघता सगळे कॉम्प्युटर बंद पडले. तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर एका सुताराची बायको होती. तिच्या रक्ताचा रिपोर्ट कोणालाच उघडता येईना. रक्त चढवायला उशीर झाला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी कुलूपबाईला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, अगदी गोड बोलले. भावाचा निष्काळजीपणा नडला एवढंच लिहून द्या, म्हणाले, गेलेल्या माणसाचं काय बिघडतं? तिची नोकरी वाचणार होती.

"खातं बंद करणं माझं काम होतं," ती म्हणाली. "मी केलं नाही. दादाला यात ओढू नका."

आपल्या खोलीत येऊन तिने दादाचं खातं बंद केलं आणि बाहेर पडली. बाहेर बाकावर तो सुतार बसला होता.

"ताई, मशीन सुरू झाली का? हिचा रिपोर्ट हवा होता."

मशीन सकाळीच सुरू झाली होती. पण आता रिपोर्टचा काही उपयोग नाही, असं ती कसंबसं म्हणाली.

"माहीत आहे हो. तिचं नाव आहे ना त्यावर."

"थांबा, आणते," म्हणत ती मागे वळली, दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. काचेपलीकडे तिच्या हाताखालचे गृहस्थ मान खाली घालून बसले होते. टेबल आवरायच्या आत, हे त्यांना तिनेच शिकवलं होतं. मागे सुतार वाट बघत उभा होता.