ग्रीक भाषेतलं फुलणं

आखातात, जबल अलीच्या आमच्या ऑफिसात इतक्या देशांची माणसं होती, की चहाचा कप रिकामा होईपर्यंत कुणाच्या तरी भाषेचा एक किस्सा घडायचाच. नव्वदच्या दशकातले हे किस्से अजूनही मित्र जमले की निघतात. निम्म्यांच्या मुळाशी आमचा ग्रीक इंजिनिअर यानिस आणि त्याचं एक क्रियापद: अँथेओ.

सुरुवात दसऱ्याला झाली. मी मशीनच्या पूजेला शेवंती आणली होती. यानिस म्हणाला, "हिचं इंग्रजी नाव, क्रिसँथेमम, आमचं आहे. क्रिसोस म्हणजे सोनं, अँथोस म्हणजे फूल. अँथोसवरून अँथेओ, फुलणं." त्याचे वडील शाळेत जुनी ग्रीक शिकवायचे.

"आमच्यातही फुलावरूनच फुलणं," मी म्हटलं.

"मग आपण भाऊ," म्हणत त्यानं माझ्या वाट्याचाही पेढा उचलला.

*

एकदा गोदामाच्या भिंतीवर पांढरा खार आला. चिपळूणचे फोरमन गणपतराव म्हणाले, "लोणा लागलाय."

यानिस म्हणाला, "जमिनीवर मीठ असं वर आलं, की जुने ग्रीक म्हणायचे, फुललं."

मॅनेजर दारातूनच बोलले, "फुलू दे. फक्त पाणी घालू नका, हबीबी."

*

स्टोअरचे सलीमभाई रत्नागिरीचे. पोराला मिसरूड फुटल्याचं कौतुकानं सांगत होते. यानिस म्हणाला, "गालावर पहिली लव आली, तरी अँथेओच."

"गाल फुलले रे," सलीमभाई म्हणाले, "दहावीचे मार्क्स कधी फुलणार, ते विचार तुझ्या ग्रीक भाषेला."

*

आमची चिऊ वर्षाची होती, तेव्हाची गोष्ट. ताप काही केल्या उतरेना, दूध पोटात राहीना. मग एका सकाळी ताप गेला आणि अंगभर लाल पुरळ आलं. क्लिनिकमधून बायकोचा, शुभांगीचा ऑफिसात फोन आला. "डॉक्टर काहीतरी एक्झॅन्थम म्हणतायत. काय असतं ते?"

मी यानिसकडे वळून तो शब्द म्हटला.

"एक्स म्हणजे बाहेर," तो म्हणाला. "बाहेर फुललं. पुरळ. आधी डॉक्टरशी बोल."

डॉक्टर फोनवर आले. "लहान मुलांचा ताप आहे. तो उतरला की हे पुरळ येतं. दोन-तीन दिवसांत जाईल. मुलगी बरी आहे."

मी शुभांगीला सगळं सांगितलं. फुलण्याचंही.

संध्याकाळी अल मजाजला घरी पोचलो, तर चिऊ शुभांगीच्या कडेवर बसून बिस्किट चोखत होती. दारात शेजारच्या मल्याळी बाई उभ्या होत्या. चिऊच्या अंगाकडे बघून त्या मागे सरकल्या. "मीझल्स?"

"नो मीझल्स," शुभांगी म्हणाली. "फ्लॉवर्स."

आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ती रडायला लागली.