‘बगलेत’साठी दहा गाणी

गाण्यांच्या धंद्यात ती कंपनी सगळ्यांच्या मागून आली. फोनवर गाणी ऐकवणारी चार-पाच ॲप लोकांच्या हाताला केव्हाच सवयीची झाली होती. माझा मुलगा एक वापरायचा, आमच्या गल्लीतला दूधवाला दुसरं. अशा वेळी फोन बनवणारी एक मोठी कंपनी जागी झाली आणि म्हणाली, आता आम्हीही गाणी ऐकवणार. सिनेमाची गाणी तर सगळ्यांकडे तीच. मग आपल्याकडे लोक का येतील? तिथे कोणीतरी डोकं चालवलं की जी गाणी कुठल्याच ॲपवर नाहीत ती आपण द्यायची. घरातली, देवळातली, लग्नाच्या मांडवातली. त्यासाठी शहराशहरांत माणसं नेमली. बनारससाठी मला विचारलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. सव्वीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते आहे. पण त्यांना नोंदी करणारंच माणूस हवं होतं. कोण गातंय, काय गातंय, कुठल्या भाषेत, गाणाऱ्याची लेखी परवानगी आहे का. एवढं बिनचूक भरायचं. माझी दोन महिन्यांची रजा साठली होती, ती टाकली. त्यांनी हातात मावेल असा एक रेकॉर्डर पाठवला आणि मी कामाला लागले.

इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती. सकाळी सातला पायात चपला अडकवायच्या आणि निघायचं. नावाड्याच्या बायकोकडून कजरी घेतली, एका शिंप्याकडून निर्गुणी भजन. बनारसमध्ये शांत जागा मिळणं कठीण. घंटा वाजतात, होड्यांची इंजिनं फटफटतात, कुठे ना कुठे भिंत फोडणं चालूच असतं. मी युक्ती काढली. ज्या खोलीत रजया रचून ठेवतात त्या खोलीत गाणाऱ्याला बसवायचं आणि दार लावून घ्यायचं. रजया बाहेरचा गोंगाट पिऊन टाकतात. कंपनीच्या लोकांनी विचारलं, तुमचं रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ कसं? मी म्हटलं, स्टुडिओ आहे.

मग मराठी गाणी घ्यायची ठरवली. आमची मराठी माणसांची घरं इथे सहा-सात पिढ्यांची. घाटावर यात्रेकरूंची कामं करणारे गुरुजी, शाळेतल्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले, असे बरेच जण अजून घरात मराठी बोलतात. सुरुवात मी घरापासूनच केली. माझ्या थोरल्या जाऊबाई, वय त्रेसष्ट, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला स्वतः गाणी रचतात. इथे चैत्रात भोजपुरीत चैती गातात, तिची चाल घ्यायची आणि त्यावर आपले मराठी शब्द बसवायचे, अशी त्यांची रीत. तीन गाणी दिली त्यांनी. रजयांच्या खोलीत घामाघूम होऊन गायल्या. बाहेर आल्यावर स्वतःचं नाव मला अक्षर-अक्षर सांगून लिहायला लावलं आणि परत वाचायला लावलं.

मग त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं, “कंपनीच्या फोनात माझं गाणं येतंय. मराठी गाणं.”

‘मराठी’वर जोर होता, आणि त्याला कारण होतं. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, आमच्याकडे जेवायला बसतात आणि कौतुकाने विचारतात, “तुम्ही मराठी छान बोलता हो, कुठे शिकलात?” चाळीस वर्षं जाऊबाई हे ऐकत आल्या आहेत. आईच्या पोटात शिकले, असं एकदा त्यांनी वाढता वाढता सांगितलं होतं. ते गृहस्थ नंतर दुसरी पोळी मागायलाही कचरले.

ॲप सुरू व्हायला सहा दिवस उरले असताना तिन्ही गाणी परत आली.

आधी कंपनीच्या भाषा ओळखणाऱ्या यंत्राने गोंधळ घातला होता. चाल ऐकून आणि ओळीच्या शेवटी ‘हो रामा’ ऐकून त्याने भाषा भोजपुरी ठरवली. मी ती दुरुस्त करून मराठी केली, म्हणून गाणी माणसाकडे तपासायला गेली. पुण्यात एक मुलगी मराठी गाणी तपासत होती. तिचा शेरा आला: “‘बगलेत’ हा शब्द अयोग्य. भाषा मराठी वाटत नाही. नामंजूर.”

पहिल्याच गाण्याची पहिली ओळ होती, ‘गंगेच्या बगलेत घर माझं, हो रामा.’ आमच्याकडे बगलेत म्हणजे शेजारी, लागून. हिंदीतून कधी आला कोणास ठाऊक, पण आला आणि राहिला. बगलेत दुकान आहे, बगलेतल्या काकू आल्या होत्या, असं आम्ही रोज बोलतो. पुण्यात बगल म्हणजे काख. म्हणजे तिच्या कानाला जाऊबाईंचं घर गंगेच्या काखेत होतं.

मी तिला फोन लावला.

“काकू, मला हसू आवरेना,” ती म्हणाली. “देवीच्या गाण्यात काख कशी चालेल?”

“काख नाही गं बाई. शेजारी.”

“मग ‘शेजारी’ म्हणायला सांगा ना त्यांना. मी लगेच पास करते. बाकी गाणं गोड आहे.”

मला तो तोडगा सोपा वाटला. एक शब्द बदलायचा, काम संपलं. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. जाऊबाई परवल चिरत होत्या.

“वहिनी, ‘बगलेत’च्या जागी ‘शेजारी’ म्हणा. एवढंच.”

“गंगेच्या शेजारी,” त्यांनी म्हणून पाहिलं. सुरी थांबली. “शेजारी म्हणजे बगलवाले. ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडण होतं ते. गंगा काय शेजारीण आहे का?”

“तिला ते मराठी वाटत नाही.”

“मग मी काय बोलते? चिनी?”

“तसं नाही...”

“तसंच आहे. तिला सांग, गाणं द्यायचं तर असं. नाहीतर राहू दे. भोजपुरी म्हणून तर मुळीच नको.” आणि पुन्हा परवल चिरायला लागल्या, पण जाड-बारीक कसेही. इतक्या वर्षांत मी त्यांची भाजी अशी चिरलेली पाहिली नव्हती.

तेव्हा मला कळलं की शब्द बदलून हे मिटणार नाही. नोंद बदलायला हवी. आणि नोंदी हे माझं क्षेत्र.

मी बंगळुरूच्या इंजिनिअरला गाठलं. भाषांची यादी त्याच्या ताब्यात होती. यादीत मराठी होती, मराठीच्या पोटात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असे भाग होते. मी म्हटलं, तिथे काशी घाला. तो हिंदीत म्हणाला, “मॅडम, घालता येईल. दुसऱ्या कंपन्यांच्या याद्या केव्हाच पक्क्या झाल्यात. आपली अजून बनतेच आहे. पण नवा भाग उघडायचा तर किमान दहा वेगवेगळे गाणारे लागतात. आणि उद्या चार वाजता यादी बंद.”

उशिरा आलेल्या कंपनीचा हा फायदा मला त्या क्षणी पटला. सिमेंट अजून ओलं होतं. घड्याळात पाहिलं, दुपारचे तीन. माझ्याकडे मराठी गाणारे तीन होते: जाऊबाई, एक कीर्तनकार आणि शाळेतल्या बाई. अजून सात हवे होते, पंचवीस तासांत.

मी पदर खोचला. जाऊबाईंना म्हटलं, “चला.”

“कुठे? सब्जी गॅसवर आहे.”

“गॅस बंद करा. तुमचं गाणं मराठी ठरवायचंय.”

त्यांनी गॅस बंद केला.

पहिल्याच घरी अडलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, आवाज चांगला, पण म्हणाल्या, “आमचं मराठी शुद्ध नाही. पुण्याचे लोक हसतील.” मी परवानगीचा कागद पुढे करून समजावायला लागले, पण जाऊबाई मध्येच बोलल्या.

“हसू दे. हसायला तरी ऐकावं लागेल ना?”

बाई उठल्या आणि स्वतःच रजया काढायला लागल्या. त्यांनी अंगाई गायली. त्यात बाळाला ‘ठंडी’ वाजत होती, थंडी नव्हे. मी डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला. असंच पाहिजे होतं.

संध्याकाळी पाच जिने चढून एका काकांना पकडलं. ते नातवाला म्हणतात ते गाणं गायले, ‘छतावर बंदर आला, आजोबांचा चष्मा नेला’. रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाले, यातलं काही खोटं नाही, दोन चष्मे गेलेत. पाच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा घाटावर एका गुरुजींना गाठलं. पिंडदानासाठी यजमान बसले होते, त्यामुळे अर्धा तास उन्हात थांबावं लागलं. ते म्हणाले, “मी मंत्र म्हणतो, गाणं नाही.” जाऊबाईंनी विचारलं, “आणि मुलीच्या लग्नात रुखवताच्या वेळी कोण गात होतं?” गुरुजी लाजले. मग देवळामागच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून गायले. पोती रजयांइतकीच कामाची, ही नवी माहिती. सहा. त्यांची सून दारात उभी राहून हसत होती, तिलाच आत ओढलं. सात. तिच्या मावशीला फोन करून बोलावलं, ती रिक्षाने आली. आठ.

मी धावत होते. पन्नाशी ओलांडल्यावर मी गल्लीतून असं धावलेलं लोकांनी पाहिलं नव्हतं. पानवाला ओरडला, “भाभीजी, आग लगी है क्या?” मी म्हटलं, हो. जाऊबाई मागून पदराने वारा घेत येत होत्या आणि पुढचं घर सुचवत होत्या. कोणाला काय गाता येतं, कोणाचा सूर कुठे घसरतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. तीन वाजता रेल्वेत नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी आरती दिली. नऊ.

दहाव्या बाईंच्या घराला कुलूप होतं. मुलीकडे लखनौला गेल्या, असं वरच्या मजल्यावरून कळलं. साडेतीन वाजले होते. दुसरं घर गाठून, समजावून, कागदावर सही घेऊन गाणं होणं शक्य नव्हतं. आम्ही दोघी त्या जिन्यात उभ्या राहिलो. जाऊबाई हातातल्या पाण्याच्या बाटलीची नुसती उघडझाप करत राहिल्या.

मी फोनवर कंपनीची नियमावली उघडली. गाणारी व्यक्ती कोण असावी, वय किती, परवानगी कशी घ्यावी, सगळं होतं. ‘सूर’ हा शब्द कुठेही नव्हता. नोंदी करणाऱ्याने गाऊ नये, असंही लिहिलेलं नव्हतं.

“वहिनी, हा रेकॉर्डर धरा.”

“तू?” त्यांचे डोळे मोठे झाले. “अगं, तू आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतेस.”

“धरा म्हणते ना.”

मुलाला अंघोळ घालताना मी जे म्हणायचे ते म्हटलं. नळ, बाल्टी, साबण, डोळे मीट, संपलं. जेमतेम पाऊण मिनिट. जाऊबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते, हसू रेकॉर्ड होऊ नये म्हणून. लाल दिवा विझल्यावर त्या जिन्यावरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

चारला नऊ मिनिटं कमी असताना दहावी नोंद गेली. लगेच पुण्याच्या मुलीचा फोन आला.

“काकू, नऊ ऐकली. ते चष्म्याचं मी परत ऐकलं. पण दहावं जरा...”

“नियम वाच.”

तिने नियमावली काढली. कागद उलटल्याचा आवाज आला. “हं. सुराचं काही म्हटलेलं नाहीये.” मग हळूच म्हणाली, “बगलेतचा अर्थ टीप म्हणून खाली देऊ का? म्हणजे माझ्यासारखे अडणार नाहीत.”

“दे. आणि शेरा काढून टाक.”

“काढला.”

ॲप सुरू झालं त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी स्वयंपाकघरातच फोन घेऊन बसले. जाऊबाई बघत नसल्यासारखं दाखवत होत्या, पण कणीक मळून कधीच झाली होती आणि हात परातीतच होते. पान उघडायला वेळ लागला. मग त्यांचं नाव आलं, अक्षर-अक्षर बरोबर. खाली गाणं. त्याखाली भाषा.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“मराठी. आणि कंसात काशी.”

मी गाणं लावलं. रजयांच्या खोलीतला तो आवाज फोनमधून असा मोकळा येईल, असं मलाही वाटलं नव्हतं. ‘गंगेच्या बगलेत घर माझं, हो रामा.’ बगलेत अगदी ठणठणीत ऐकू आलं. जाऊबाईंनी पूर्ण ऐकलं. दुसऱ्या कडव्याला भुवई किंचित उचलली, म्हणजे तिथे श्वास चुकला होता. पण बोलल्या वेगळंच.

“कंसात का?”

“काय?”

“काशी कंसात का घातलीय? पुण्याची मराठी कंसात असते का?”

मी पाहिलं. पुण्याची नव्हती.

“काढता येईल का ते बघ,” त्या म्हणाल्या, कणकेचं एक बोट पुढे करून त्यांनी गाणं स्वतःच पुन्हा लावलं आणि या वेळी आपल्याच आवाजाबरोबर मोठ्याने गायला लागल्या. मी तिथेच पाटावर बसून बंगळुरूला पत्र लिहायला घेतलं.