खाली ठेवलेला बांबू

सोसायटीच्या गेटचा लाल-पांढरा बांबू काल निखळून रस्त्यावर पडला होता. तो बघून मला ताईचा लाडका घोडा, राजा आठवला.

ताई तेव्हा गव्हाण गावाजवळच्या एका फार्महाऊसवर घोडेस्वारी शिकवायची. एकदा आडव्या बांबूवरून उडी मारताना राजाचे पाय त्यात अडकून तो तोंडावर आपटला, आणि त्यानंतर बांबू दिसला की जागीच थांबायला लागला. मालक त्याला माथेरानला पर्यटकांसाठी विकायला निघाला होता. ताईने बांबू सरळ जमिनीवर ठेवला आणि लगाम सैल धरून राजाला चालवत नेलं. तो थबकला, फुरफुरला, खाली मान घालून बांबू हुंगला आणि एकदम माझ्या छातीइतका उंच उडाला. मी पोट धरून हसलो.

"हसू नकोस," त्याला गूळ भरवत ताई म्हणाली. "त्याच्या डोक्यात तो अजून वरच आहे."

पुढे एकेक वीट लावत तिने बांबू वर नेला. राजा माथेरानला गेला नाही.

गेल्या वर्षी मी जिन्यावरून पडलो. काल तो बांबू ओलांडताना मी पाय चांगला गुडघ्याएवढा उचलला. वॉचमन हसला. "काका, खालीच हाय तो."

"दिसतोय मला," मी म्हणालो.