उडदाच्या टोप्यांची पलटण

चिंचवडच्या एका कंपनीत मी ट्रेसर होते. दिवसभर शाईने ड्रॉइंगं गिरवायची. यंत्र बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर परत जाताना मला प्लॅस्टिकच्या शिपायांचा खोका देऊन गेला. वॉटर्लूच्या लढाईच्या काळातले फ्रेंच शिपाई, बोटाच्या पेराएवढे, आणि सोबत कुठल्या पलटणीला कसे रंग द्यायचे त्याचा सचित्र तक्ता.

माझ्या शिपायांच्या टोप्या डब्यासारख्या सरळसोट. तक्त्यात मात्र फ्रेंच बादशहाच्या खाशा पलटणीला अस्वलाच्या कातड्याची उंच, केसाळ टोपी. मला तीच हवी होती. मी ब्लेडने बारा टोप्या कापल्या आणि काळी लोकर चिकटवली.

सासूबाई मूळच्या महाळुंग्याच्या. बघून म्हणाल्या, "ह्यांच्या डोस्क्यात उवा झाल्यात का गं?"

त्या सुपात अख्खे उडीद निवडत होत्या. मी लोकर उपटली आणि एक दाणा उचलून शिपायाच्या डोक्यावर उभा धरला. हुबेहूब!

"आई, बारा दाणे द्या ना. सगळे एका उंचीचे."

"वरातीत मिरवायचंत व्हय?" म्हणाल्या, पण चष्मा लावून नीट निवडून दिले. मी ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने बसवले आणि पुढे तक्त्यातल्या पितळी पट्टीसाठी पिवळा ठिपका दिला.

मग आम्ही सगळे एका लग्नाला गावी गेलो. निघताना सासूबाईंनी धुळकट शिपायांना आंघोळ घातली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी परतलो. यांनी फडकं उघडलं आणि ओरडलेच, "अगं, तुझ्या सैन्याला मोड आलेत!"

नऊ टोप्यांच्या कडेतून पांढरे कोंब डोकावत होते.

"म्या निस्तं न्हाऊ घातलं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

मला रडूच येत होतं. तेवढ्यात तक्त्यावर नजर गेली. खाशा फौजेतच आणखी एक पलटण होती. तिच्या टोपीला पट्टी नाही, कडेला हिरवा तुरा, टोक लाल! मी पिवळे ठिपके खरवडले आणि कोंब रंगवले. सासूबाईंनी श्वास रोखून एकेक शिपाई धरला.

ऑफिसात हेड ड्राफ्ट्समननी ते भिंगाखाली पाहिले. "तुरा कशाचा हो? अगदी जिवंत वाटतो."

"उडदाचा, साहेब."

त्यांना ती थट्टा वाटली. आठवड्याभरात तुरे वाळून गळाले. मी हळहळत बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "टोप्या मुगाच्या केल्या असत्यास, तर उसळ तरी झाली असती."