तांडेलांच्या बेडरूममधला पंप

चार जुने सोबती भेटले की ऑफिसच्या गोष्टी निघतातच. फाइलींना वाळवी लागली, पण गोष्टींना काही लागत नाही. उलट दर खेपेला एखादी जास्तच निघते!

साठ सालानंतर दोन-तीन वर्षं मी पांढरकवड्याला बांधकामाच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. राहायला कौलारू क्वार्टरांची लाइन. एका क्वार्टरमध्ये मी आणि आई, भिंतीपलीकडे ओव्हरसियर तांडेल आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. मधली भिंत कौलांपर्यंत पोचतच नव्हती. इकडे मिरचीची फोडणी दिली की तिकडे शिंक!

तांडेल मालवणकडचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचं, शिकून सरकारी नोकरीत आलेला हा पहिलाच. आमच्याकडून त्यांचा समुद्र म्हणजे एसटी, रेल्वे, पुन्हा एसटी. तो माणूस ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहिला की नजर आपोआप डाव्या काठाला जायची.

एकदा ते नागपूरहून लोखंडी चौकटीची काचेची पेटी आणि डब्यात पाच सोनेरी मासे घेऊन आले. पुढच्या खोलीत ऊन, मागच्या खोलीत चुलीचा धूर, म्हणून पेटी बसली बेडरूममधल्या लाकडी टेबलावर, शेजारी पंप. पाणी स्वच्छ ठेवायला आत फिल्टर होता. कोळसा-कापूस भरलेली एक डबी, आणि तिला नळीनं हवा देणारा विजेचा पंप. पंप मुठीएवढा. आवाज मात्र कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारीसारखा!

*

मासे बघायला सगळी लाइन लोटली. आमचा चपराशी राठोड बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायचा. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

"साहेब, हे खायाचे कवा?"

"खायचे नाहीत राठोड. बघायचे."

राठोडनं विचार केला. "मंग येवढी मशीन कायले? फोटो लावाचा ना!"

*

त्याआधी, पंप सुरू झाला त्या पहिल्या दिवशी, आईला पेटीचा पत्ता नव्हता. मी ऑफिसातून आलो तर ती भिंतीला कान लावून उभी.

"भितीत भुंगा शिरला वाटते रे. सकाळपासून पोखरून राह्यला!"

मी काही बोलायच्या आत तिनं माती कालवली आणि आमच्या बाजूची सगळी भोकं लिंपून टाकली. आवाज चालूच. शेवटी तिनं भिंतीवर लाटणं आपटलं.

पलीकडून तांडेलांचा नम्र आवाज आला, "कोण आहे? या ना, दार उघडंच आहे!"

*

वहिनींची तऱ्हा वेगळीच. एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला तांडेलांचं घोरणं. आईनं एकदा सरळ विचारलं, "अवं, तुले झोप कशी येते?"

वहिनी म्हणाल्या, "यांना हलवलं तर घोरणं थांबतं. पण कधी कधी अंधारात चुकून पंपच हलवते!"

*

आईच्या तक्रारी वाढल्या तसे तांडेल उपायाला लागले. पंप घोंगडीत गुंडाळला, तर तो तापला आणि घोंगडी करपली. मग त्यांनी पंप खाटेखाली फरशीवर ठेवला आणि वर दोन उशा दाबल्या. आवाज खरंच कमी झाला! तांडेल खुशीत ऑफिसला आले.

दुपारी विजेची लाइन गेली. पंप पेटीच्या खाली होता, त्यामुळे पाणी नळीतून उलटं उतरलं. निम्मी पेटी फरशीवर रिकामी झाली आणि ओहोळ भिंतीखालच्या फटीतून आमच्याकडे आला.

आई लुगडं आवरत ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"तांडेलबाबू, चाला घरी! तुमचा समुद्र आमच्या चुलीपाशी आला!"

सगळं ऑफिस हसलं. तांडेलही हसले. पण वाटेत मला हळूच म्हणाले, "समुद्र म्हणाल्या हो त्या. इथे पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकला."

*

त्यांचे बदलीचे अर्ज मीच टाइप करायचो. दर अर्जात एकच कारण, 'येथील हवामान मानवत नाही'.

मोठे साहेब एकदा दौऱ्यावर आले आणि चहाला तांडेलांकडे गेले. मासे गुबगुबीत, शेपट्या झुलवत फिरत होते. साहेबांनी काचेवर टिचकी मारली.

"यांना मानवलं की हो, तांडेल!"

तो अर्ज तिथेच बुडाला.

*

एका संध्याकाळी मी पेपर मागायला गेलो, तर तांडेल पेटीवर वाकून वास घेत होते.

"काय झालं? पाणी नासलं?"

"नाही. ह्याला वासच नाही हो," ते म्हणाले. "खारा वास नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "मिठाची बरणी मी वरच्या फळीवर ठेवलीये, भावजी. यांचा भरवसा नाही. मासे मरतील हकनाक."

बोलताना त्या हसत होत्या, पण तांडेल पेटीवर तसेच वाकून राहिले.

*

पंप पुन्हा टेबलावर आला होता, आणि आवाजही. शेवटी जिनिंगमधला दौलत मिस्त्री आणला. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरसारखा डोळे मिटून ऐकत राहिला.

"ओव्हरसियरसाहेब, मशीनले काही झालं नाही. टेबल वाजून राह्यला!"

त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापली, तिच्या झोळीत पंप घालून खिडकीच्या गजाला टांगला. पेटीच्या वर, अधांतरी. आवाज जवळजवळ बंद! आईनं दौलतला बोलावून चहा पाजला, आणि घर कसं शांत शांत झालं.

*

आता शेवटची गोष्ट. तांडेलांची आई वारली आणि मागे वडील एकटे राहिले. तांडेल त्यांना घेऊन आले. म्हातारा पुढे दिवाळीपर्यंत आमच्या लाइनीत राहिला, राठोडकडून जाळं विणायला सूत मागवायचा. पण पहिल्या आठवड्यात तो राहील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्याला झोपच लागेना. सात दिवस! उन्हात ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचा, डोळे लाल. भिंतीवरून आम्हाला त्याचं कूस बदलणं ऐकू यायचं. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यानं ट्रंक भरली आणि तांडेलांना म्हणाला,

"माका उद्या गाडयेत बसव. हय सगळा गप्प गप्प आसा. माका झोप येणा नाय."

तांडेलांना आई शेवटची भेटली नव्हती. तार पोचून ते घरी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता वडीलही चालले.

दुपारी ट्यूब तुटली. पंप धप्पकन लाकडी टेबलावर पडला आणि पहिल्यासारखा घुरघुरायला लागला. तांडेल धावले.

"रवांदे," म्हातारा म्हणाला. "हात लावू नको तेका."

तो पेटीशेजारच्या खाटेवर आडवा झाला. एक तळवा टेबलावर ठेवला. दहा मिनिटांत झोपला!

तांडेल ओट्यावर आले. मी तिथेच होतो. त्यांनी माझा दंड धरला. "बाबा झोपले हो," एवढंच म्हणाले. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. अर्धा तास आम्ही तिघं तसेच त्या घुरघुरीकडे कान देऊन होतो.

आणि लाइन गेली.

एकदम शांत. आतून खाट करकरली. तांडेलांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आमच्या घरातून आवाज सुरू झाला. घर्रर्र, घर्रर्र... एका लयीत, न थांबता. खाट पुन्हा करकरली नाही.

मी आत गेलो. गावात पिठाची गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं जातं आईनं त्या भिंतीला लावून मांडलं होतं. पाय पसरून बसली होती आणि दोन्ही हातांनी खुंटा फिरवत होती. कपाळावरून घाम निथळत होता.

"आई, आता काय दळून राह्यली?"

"चूप!" ती दबक्या आवाजात म्हणाली. हात थांबला नाही.

मी वाकून पाहिलं. जात्यात एक दाणा नव्हता.