वर्ग का हसला

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आणि आईपासून मी काहीच लपवत नाही, असा आमच्या घरात माझा लौकिक आहे! तुम्हाला का सांगतेय — ते मलाही धड माहीत नाही.

हाना माझी रूममेट. इथिओपियाहून दिल्लीला इंग्रजी अध्यापनात पीएचडी करायला आलेली. मीही त्याच विभागात. दिल्लीतल्याच मुनिरका वस्तीत एका खोलीत आम्ही दोघी राहायचो, खिडकी उघडली की समोरच्या घरातली फोडणी थेट नाकात. मला टायफॉइड झाला तेव्हा तिनं माझं सगळं केलं, अगदी सख्ख्या बहिणीसारखं. म्हणून तर हे गिळता येत नाही.

तिचा विषय असा — इंग्रजीच्या तासाला शिक्षक मध्येच मातृभाषेत केव्हा बोलतात, आणि का? गाझियाबादच्या एका शाळेत तिनं तास रेकॉर्ड केले होते. हिंदीचा तिला गंधही नव्हता, म्हणून इंग्रजीत भाषांतर माझ्याकडे. "तू आहेस म्हणून माझी पीएचडी होतेय," म्हणायची. मी फुशारून जायचे.

ते रेकॉर्डिंग — सांगते, थांबा. आधी दुसरंच सांगायला हवं. दिल्लीत आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. "अच्छा, मराठी? मुंबई से?" एवढ्यावर भागतं. मी वर्ध्याची, बौद्ध. तिकडे आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी लहानपणापासून पाहिलंय. इथं कुणाचाच चेहरा बदलत नव्हता. मला ते फार आवडलं होतं. हानालाही मी काही बोलले नव्हते.

तर, त्या तासाला एक मुलगी धडा वाचताना अडखळते. बाई म्हणतात, "बैठ जा. तुम लोगों को दाखिला तो मिल जाता है, दिमाग कहाँ से लाओगे?" आणि सगळा वर्ग हसतो.

'तुम लोग' म्हणजे कोण, हे मला कुणी समजावायला हवं होतं का? माझ्या शाळेत हेच मराठीत ऐकलं होतं मी — प्रवेश मिळतो तुम्हाला, डोकं कुठून आणाल?

हानानं विचारलं, "सगळे का हसले?"

मी म्हटलं, बाई गमतीनं म्हणाल्या — घाबरू नकोस बाळा, मीसुद्धा लहानपणी इथंच अडखळायचे. म्हणून हसले. आणि तेच टाइप केलं. बोट अडलं नाही. इतकं सफाईदार खोटं माझ्यात कुठं दडलं होतं? मला आजही त्याचा धक्का बसतो. खरं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, कोण हे लोक? आणि मला म्हणावं लागलं असतं — आम्ही.

त्या मुलीचा आवाज पुढच्या एकाही तासात नाही. मी सगळे ऐकलेत. तिला काय म्हटलं गेलं हे जगाला सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते हेडफोन लावून मुनिरक्यात बसलं होतं.

हानानं त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं — मातृभाषेतल्या थट्टेनं भीती कशी जाते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका तोच उतारा मोठ्यानं वाचला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याआधी रोज ती माझ्यासमोर बसून जेवत होती. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं.

आता ती मायदेशी शिक्षकांना प्रशिक्षण देते. गेल्या आठवड्यात तिनं एक व्हिडिओ पाठवला, वर लिहिलं होतं, "बघ, तुझ्या गाझियाबादच्या बाईंची युक्ती!" एक मुलगी पुस्तक धरून उभी आहे. अडते. शिक्षक त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणतात आणि वर्ग खदखदून हसतो.

मला ती भाषा येत नाही. पण उभी असलेली मुलगी हसत नव्हती.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"काही नाही गं, साधी थट्टा."

मी लिहिलं — खूप छान.